पाळणा थांबवायचा ठरलं, पण ऑपरेशन कोणाचं?

रानजाई
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडं विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

मी ३२ वर्षांची. मोठी लेक पाच वर्षांची आहे, तिच्या वेळी सीझर झालं. आता आठवा महिना चालू आहे आणि याही वेळी सीझरच करावं लागेल असं डॉक्टर म्हणतात. मुलगा होवो की मुलगी, यानंतर थांबायचं हे आमचं दोघांचं लग्नानंतर वर्षभरातच ठरलं होतं. त्याबद्दल वाद नाही.

मागच्या तपासणीला मॅडम म्हणाल्या, "सीझर करतानाच नळ्या बांधून टाकू, पोट उघडलेलंच असतं." मी मान डोलावली. गाडीवर मागे बसून घरी येताना मात्र ते वाक्य मनातून जाईना. पोट उघडलेलंच असतं. पहिल्या बाळंतपणानंतर तांबी बसवली तीही मलाच, रक्तस्राव जास्त होतो म्हणून ती काढून गोळ्या घेतल्या त्याही मीच. रात्री नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो सहज म्हणाला, "मग मी करून घेतो ना. आमचं सोपं असतं म्हणतात."

हे सासूबाईंच्या कानावर गेलं. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "कमावत्या माणसाच्या अंगाला हत्यार लावायचं नसतं." त्यांच्या बहिणीने तर समोर बसून सांगितलं, "उद्या तुला काही झालं तर त्याला दुसरं लग्न करता आलं पाहिजे."

वैद्यकीय सल्ला मी डॉक्टरांकडून घेईनच. इथे विचारायचं ते वेगळं आहे. शरीर माझं आणि मुलं दोघांची असतील, तर थांबवण्याचा भार कोणी उचलायचा, हे ठरवायचं कसं? तो स्वतःहून तयार आहे, पण त्याच्या आईच्या मनाविरुद्ध मी त्याला पुढे ढकलते आहे का? आणि पोट उघडलेलं असणं हे कारण पुरेसं आहे का?

---

आडवाटेवरचा
तो स्वतःहून म्हणाला ना? मग तुम्ही ढकलताय कुठे? बाळासाठी शुभेच्छा.

---

दर्यावर्दी
माझं मत बहुतेकांना आवडणार नाही, तरी मांडतो. एका माणसावर शस्त्रक्रिया होणारच आहे, भूल दिली जाणारच आहे. त्यातच पाच-दहा मिनिटांत हे काम होत असेल तर दुसऱ्या माणसाला टेबलावर कशाला घ्यायचं? घरात एकूण त्रास कमीत कमी व्हावा, हेही नीतीतच बसतं. समानता दाखवण्यासाठी एक जादा शस्त्रक्रिया मला पटत नाही. आमच्याकडे असंच झालं आणि बायकोची कधी तक्रार नव्हती.

---

जास्वंद
@दर्यावर्दी, तक्रार नव्हती की तुम्ही विचारलं नव्हतं? भांडायला म्हणून विचारत नाही. आमच्या घरी माझ्या आईला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ती कधी बोललीच नाही.

---

जुनी_सिस्टर
एकतीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून उपकेंद्रात काढली. आता निवृत्त आहे, गुडघे बोलतात आणि वेळ आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला शिबिरं शाळेत भरायची. बाकं जोडून टेबल करायचं. डॉक्टर दुर्बीण घेऊन तालुक्याहून यायचे आणि एकामागून एक बायका आत जायच्या. मनगटावर चिकटपट्टी, तिच्यावर नंबर. बाहेर वर्गात सतरंजीवर ओळीने निजवलेल्या. कुणाचं तान्हं मूल बाहेर आजीच्या मांडीवर रडत असायचं. संध्याकाळी जीपमधून घरी. मार्चअखेर आली की आमची झोप उडायची, कारण उद्दिष्ट. आम्ही बाईला बाई म्हणत नव्हतो, 'केस' म्हणायचो. "तुझ्या किती केसेस झाल्या?" १९९६ मध्ये सरकारने उद्दिष्टं बंद केली असं आम्हाला बैठकीत सांगितलं. नाव बदललं, वहीतला रकाना राहिला.

एकतीस वर्षांत मी शेकडो बायका नेल्या. पुरुष किती? अकरा. त्यांची नावं आजही पाठ आहेत. त्यातल्या एका गवंड्याने बिनटाक्याची नसबंदी करून घेतली आणि आठवड्याने परत विटा चढवायला गेला. गावातली पोरं त्याला चिडवायची. तो म्हणायचा, "माझ्या बायकोनं तीन बाळंतपणं केली, मी एक चिमटा घेतला."

पण दुसरी बाजू सांगितली नाही तर ते खोटं होईल. या बायकांना नुसतं ओढून नेलं असं समजू नका. कितीतरी जणी रात्री मागच्या दाराने माझ्याकडे यायच्या. "ताई, मालकाला सांगू नका, पण माझं करून टाका." चार-पाच बाळंतपणांनी रक्त उरलेलं नसायचं. त्यांच्यासाठी ऑपरेशन म्हणजे सुटका होती. नियमाप्रमाणे बाईच्या नसबंदीला नवऱ्याची सही लागत नाही, तिची एकटीची संमती पुरते. तरी सही आणा म्हणून बाईला परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. परत गेलेली बाई पुढच्या वर्षी पुन्हा पोटुशी दिसायची.

म्हणून रानजाई, मी तुम्हाला एवढंच विचारते. कुटुंबनियोजन चांगलं की वाईट हा मुद्दाच नाही. टेबलावर चढणाऱ्या माणसाला कुणी शांतपणे बसवून विचारलं का, हा मुद्दा आहे. तुमच्या मॅडमनी ते वाक्य बोलल्यावर पुढे काही विचारलं का?

---

रानजाई
@जुनी_सिस्टर, नाही. पुढचा पेशंट आत आला होता.

---

स्टेथोस्कोप
स्त्रीरोगाचा नाही, पण डॉक्टर आहे. धाग्यात गैरसमज वाढू नयेत म्हणून थोडं.

सीझरच्या वेळी गर्भनलिका बांधणं ही सुरक्षित आणि रूढ गोष्ट आहे. दर्यावर्दी म्हणतात त्यात तथ्य आहे, वेगळी भूल लागत नाही. मात्र ही संमती आधी, स्वस्थपणे घ्यायची असते. कळा सुरू झाल्यावर किंवा टेबलावर नाही.

पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी साधारण पंधरा मिनिटांत होते. फक्त तेवढी जागा बधिर करतात, पोट उघडावं लागत नाही. दोन्ही शस्त्रक्रिया तोलल्या तर पुरुषाची निश्चितच लहान आणि कमी धोक्याची आहे. 'कमजोरी येते' याला शास्त्रात आधार नाही. पुरुषी संप्रेरक रक्तातून जातं, ज्या नळीला आपण हात लावतो तिच्यातून जात नाही. ताकद, इच्छा, संबंध, सगळं आहे तसंच राहतं.

एक गोष्ट लोक विसरतात. ही नसबंदी त्याच दिवशी लागू होत नाही. तीन महिने दुसरं साधन वापरायचं, मग वीर्यतपासणी करायची आणि शुक्राणू नाहीत असा अहवाल आला की मगच निर्धास्त व्हायचं. आणि स्त्रीची असो वा पुरुषाची, नळी परत जोडून मूल होईलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. हा कायमचा निर्णय आहे असंच समजून करावा.

---

घाटवाट
"तुला काही झालं तर त्याला दुसरं लग्न" हे वाक्य माझ्या वहिनीलाही जसंच्या तसं ऐकवलं होतं. एकाच गुरूकडून दीक्षा घेतल्यासारख्या सगळ्या मावशा हेच कसं बोलतात?

---

मोगरा
मराठीत 'पाळी' शब्दाचे दोन्ही अर्थ बाईच्याच वाट्याला आले आहेत. नियोजनाची पाळी आली की तीही तिचीच.

---

घाटवाट
@मोगरा, हे लिहून फ्रीजवर लावते.

---

निवृत्त_गुरुजी
वय ७५. नातवाच्या मदतीने टंकतो आहे, चुका असतील.

'पुरुषांना हे चालत नाही' असं वर सूचित झालं आहे. आमच्या तरुणपणी चित्र उलट होतं. १९७१ मध्ये केरळात एर्नाकुलमला एका महिन्याच्या शिबिरात साठ हजारांहून जास्त पुरुषांनी नसबंदी करून घेतली होती. देशभर तेव्हा पुरुषांच्याच शस्त्रक्रिया जास्त होत. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यातल्या बहुतांश पुरुषांच्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ मध्ये मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही.

मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका खेड्यात शिक्षक होतो. नुकतं लग्न झालेलं. वरून निरोप आला, प्रत्येकाने केस आणायची, नाहीतर पगार निघणार नाही. दोन महिने माझा पगार निघाला नाही. मग मी एका सालगड्याला तयार केलं. त्याला एक मुलगा, एक मुलगी. मी त्याला समजावलं, की दबावाखाली आणलं? इतकी वर्षं स्वतःला विचारतो आहे. तो मला गुरुजी म्हणायचा, माझ्यासमोर खाली बसायचा. अशा माणसाचा होकार हा होकार असतो का? पुढच्या पावसाळ्यात गावात हगवणीची साथ आली आणि त्याचा मुलगा गेला.

तो मला एक शब्द बोलला नाही. आठवडी बाजारात भेटला की रामराम घालायचा. मी त्या बाजाराला जाणं सोडलं, पाच मैल लांबच्या बाजाराला जाऊ लागलो.

१९७७ च्या निवडणुकीत ते सरकार पडलं. 'कुटुंबनियोजन' हा शब्द बदलून 'कुटुंबकल्याण' झाला. पुरुषांच्या अंगाला हात लावायची कुणाची छाती होईना आणि सगळा भार बायकांवर सरकला. पुरुष चिडला तर सरकार पडतं हे राज्यकर्त्यांना कळलं होतं. बाई चिडली तर काय होतं, याची चिंता करण्याची गरज त्यांना वाटली नाही.

सूनबाई, तुमच्या सासूबाईंना पुरुषाच्या नसबंदीची जी भीती वाटते, तीत आमच्या पिढीचा वाटा आहे. त्यांच्यावर रागावू नका.

---

जास्वंद
गुरुजी, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. दोनदा वाचलं.

---

कमळगड
सगळं मान्य, पण आपण मूळ गोष्ट विसरतो आहोत. देशाची लोकसंख्या भयंकर आहे. प्रत्येकाच्या भावना, प्रत्येकाची संमती करत बसलो तर देश बुडेल. थोडी सक्ती हवीच. दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्यांना सरकारी सवलती बंद करा, सगळं आपोआप सुधारेल.

---

स्टेथोस्कोप
@कमळगड, आकडे पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशाचा प्रजननदर दर स्त्रीमागे २.० आहे, महाराष्ट्राचा १.७. लोकसंख्या स्थिर राहायला सुमारे २.१ लागतो. म्हणजे आपण त्याखाली आलो आहोत, तेही सक्ती नसताना. त्याच सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी नसबंदीवर भिस्त ठेवलेली आहे आणि पुरुष नसबंदी आहे ०.३ टक्के. शंभराहून जास्त बायकांमागे एक पुरुष. सक्ती करायचीच तर कोणावर करणार?

---

तांबडी_माती
@कमळगड, सवलती बंद करण्याचा प्रयोग आपल्याकडे चालू आहेच. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्या माणसाला महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. सरकारी नोकरीसाठी २००५ पासून छोट्या कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ऐकायला छान वाटतं. माझ्या चुलतबहिणीची गोष्ट सांगते. ती महिला राखीव जागेवर निवडून आली. आधीच्या दोन मुली. घरच्यांनी मुलगा हवा म्हणून तिसऱ्यांदा दिवस ठेवायला लावले. ठेवायचे की नाही हे तिच्या हातात नव्हतं. मुलगा झाला आणि तिचं सदस्यपद गेलं. निर्णय नवरा-सासऱ्याचा, शिक्षा तिला. पुढच्या वेळी त्याच जागेवर तिच्या जावेला उभं केलं.

छोटं कुटुंब मलाही हवं आहे. पण बाईला नाही म्हणायची ताकद न देता नियम केले की त्याचा दंड तीच भरते.

---

कमळगड
हे मला माहीत नव्हतं. विचार करतो.

---

वसईची_वाट
इथे अजून एक विचार आलेला नाही, तो मांडते. मी वसईची, कॅथलिक. आमच्या धर्मात कृत्रिम संततिनियमन निषिद्ध आहे. पोप सहावे पॉल यांनी जुलै १९६८ मध्ये जे परिपत्रक काढलं त्यात ते स्पष्ट सांगितलं आहे, आणि त्यावरून जगभरच्या कॅथलिकांमध्ये तेव्हापासून वाद आहे. लग्नाआधीच्या शिबिरात आम्हाला नैसर्गिक पद्धत शिकवतात. स्रावाचं निरीक्षण करायचं, दिवस ओळखायचे, त्या दिवसांत दूर राहायचं.

लग्न झालं तेव्हा मला हे कटकटीचं वाटलं होतं. आता नऊ वर्षं झाली. यात एक गोष्ट मला मोलाची वाटते. माझ्या नवऱ्याला माझं चक्र माझ्याइतकंच ठाऊक आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा तो करतो. थांबायचं दोघांनी असतं, एकाने गोळी गिळून दुसऱ्याने विसरून जायचं असं नसतं. माझी सख्खी बहीण गोळ्या घेते आणि रविवारी माझ्या शेजारी बसून मिस्सा ऐकते. तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही, तिच्या तीन बाळंतपणांत काय झालं ते मी पाहिलं आहे. तिचा निवाडा मी करणार नाही.

पण ही पद्धत नवरा ऐकणारा असेल तरच चालते, हेही प्रामाणिकपणे सांगते. दारू पिऊन येणाऱ्या माणसाच्या बायकोला कॅलेंडर काय उपयोगाचं?

---

सातारची_नूर
आमच्याकडे आजीच्या काळापासून 'अज़्ल' म्हणजे बाहेर स्खलन करणं चालतं असं मानलं जातं, त्याला हदीसचा आधार देतात. तात्पुरत्या साधनांनाही बरेच उलेमा हरकत घेत नाहीत. कायमच्या नसबंदीला मात्र पुष्कळ जण विरोध करतात. माझ्या अम्मीने तांबी बसवली तेव्हा मौलवींना विचारलं नव्हतं, अब्बांना विचारलं होतं. त्यांनी फक्त "तुला त्रास होणार नाही ना?" एवढंच विचारलं. वसईची_वाट यांचं शेवटचं वाक्य फार खरं आहे.

---

पानसुपारी
हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी प्राध्यापकी सुटली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, पण बाबासाहेब या प्रश्नावर मागे हटले नाहीत. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाच्या वतीने रोहमांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाची साधनं लोकांना उपलब्ध व्हावीत असा ठराव आणला. ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला.

दुसरीकडे गांधीजी. डिसेंबर १९३५ मध्ये संततिनियमनाच्या अमेरिकन प्रचारक मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या. मुलं कमी व्हावीत हे गांधीजींना मान्य होतं, पण साधनं नकोत, संयम हवा, असं ते म्हणाले. स्त्रीने नवऱ्याला नाही म्हणायला शिकावं, असाही त्यांचा आग्रह होता. मला व्यक्तिशः कर्वे पटतात. कारण नाही म्हणण्याचं बळ यायला पिढ्या जातात आणि बाळंतपण नऊ महिन्यांत येतं.

एक नाव फार कमी घेतलं जातं. मालतीबाई कर्वे. त्या काळी मूल होऊ न देण्याचा निर्णय नवऱ्याबरोबर पाळला आणि स्वतःच्या कमाईवर संसार आणि हे सगळं काम उभं राहू दिलं. कर्व्यांचं नाव घेताना त्यांचं नाव घ्यायला हवं.

---

घाटवाट
शकुंतला परांजपेही! रँग्लर परांजप्यांची लेक. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून पुण्यात आणि आसपासच्या खेड्यांत संततिनियमनाचं काम करत होत्या, तेही एकट्या बाईने उघड बोलायची पंचाईत असताना.

---

नकोच_मला
मी २९, पुणे, अविवाहित. मला मूल नको आहे. आता नको असं नाही, कधीच नको. दोन वर्षांत चार डॉक्टरांकडे जाऊन आले. सरकारी निकषांप्रमाणे नसबंदीसाठी लग्न झालेलं असावं लागतं आणि किमान एक मूल असावं लागतं. खाजगीत गेले तर "लग्न झालं की मत बदलेल", "नवऱ्याला हवं असलं तर?" तो नवरा अजून जन्मालाही आलेला नसेल कदाचित, पण माझ्या गर्भाशयावर त्याचा हक्क आधीच नोंदवलेला आहे.

धागाकर्तीला पोट उघडलेलं असताना करून टाकू म्हणतात आणि मला हात जोडून मागितलं तरी मिळत नाही. दोन्हीकडे निर्णय घेणारं माणूस तिसरंच आहे.

---

गोंडवन
@नकोच_मला, तुमचं वाचून बैगा आठवले. मी नागपूरचा, काही वर्षं छत्तीसगढमध्ये काम केलं आहे. १९७९ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने आदेश काढला, की बैगांसारख्या संख्येने कमी असलेल्या जमातींच्या नसबंद्या करायच्या नाहीत. हेतू जमात टिकावी हा असेल. पण परिणाम असा, की सहा-सात बाळंतपणं झालेली बैगा बाई स्वतः दवाखान्यात येऊन विनवायची आणि तिला परत पाठवलं जायचं. काही जणी खोटी जात सांगून दुसरीकडे जाऊन करून घ्यायच्या. अखेर काही जण न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये छत्तीसगढ उच्च न्यायालयाने ती बंदी हटवली.

आणि त्याच राज्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूर जिल्ह्यातल्या एका शिबिरात एका दिवसात, एका शल्यविशारदाने ८३ बायकांची ऑपरेशनं केली. त्यानंतर डझनाहून जास्त जणी गेल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं. एकीला मागूनही द्यायचं नाही, दुसरीला रांगेत निजवायचं, आणि दोघींच्या गावांत अंतर फारसं नाही.

---

जुनी_सिस्टर
८३! आमच्या शिबिरात चाळीस झाल्या की डॉक्टरांचे हात थरथरायला लागायचे. बिलासपूरची बातमी आली त्या रात्री मी जेवले नाही. त्या सतरंज्या डोळ्यांसमोर आल्या.

---

कोयत्याच्या_गावचा
बीड. आमच्याकडे आणखी पुढची पायरी आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला कोयता म्हणतात, नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल म्हणजे आगाऊ पैसे दोघांचे, खाडा झाला तर दंड दोघांना. पाळीच्या दिवसांत बाई दमली तर खाडा. अंगावरून जातंय म्हणून दवाखान्यात गेली तर सांगायचे, पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल. पंचविशी-तिशीतल्या बायकांच्या पिशव्या निघाल्या. २०१९ मध्ये हे गाजलं, सरकारने समिती नेमली. माझी आत्या त्यातली एक. पिशवी काढल्यावर तिची कंबर गेली, आता घामाचे लोट येतात, वय चाळीस.

ही गोष्ट संततिनियमनाची नाही असं कुणी म्हणेल. मला तीच वाटते. 'मुलं झाली ना, आता पिशवीचं काय काम?' हे वाक्य आणि 'पोट उघडलेलंच आहे' हे वाक्य एकाच घरातून निघालेलं आहे.

---

दर्यावर्दी
वरचं सगळं वाचलं. रानजाई, माझ्या पहिल्या प्रतिसादातला हिशेब शस्त्रक्रियांचा होता. तो वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे असं अजूनही वाटत नाही. पण जास्वंद यांच्या प्रश्नानंतर काल रात्री बायकोला फोन केला. सध्या जहाजावर आहे. विचारलं, "तुला तेव्हा काय वाटलं होतं?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "घरी आलास की सांगेन, हे फोनवरचं नाही." सोळा वर्षं झाली त्याला.

---

जास्वंद
सांगतील तेव्हा ऐका फक्त. मध्ये बोलू नका.

---

आडवाटेवरचा
मी पहिला प्रतिसाद एका ओळीत दिला होता, आता जरा भर घालतो. मी स्वतः चार वर्षांपूर्वी करून घेतली आहे. शुक्रवारी केली, सोमवारी कामावर गेलो. दोन दिवस बर्फाची पिशवी आणि घट्ट लंगोट. तेवढ्यात बायकोने दोन्ही पोरं सांभाळली, मी क्रिकेट पाहिलं. मित्रांना सांगितलं तेव्हा एकाने हळूच विचारलं, "सगळं नीट चालतं ना?" त्यानंतर त्यातले दोघे जाऊन करून आले. पुरुष एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून ही भीती टिकते. रानजाई, तुमच्या यजमानांना बोलावंसं वाटलं तर मला व्यक्तिगत निरोप करायला सांगा.

---

रानजाई
सगळ्यांचे आभार. नऊ दिवसांनी लिहिते आहे, मधे बरंच काही झालं.

गुरुजींचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या भाजी निवडत होत्या. ऐकून काही बोलल्या नाहीत. रात्री मी आडवी झाले होते तेव्हा खोलीत आल्या, कडेला बसल्या आणि पदर सारून बेंबीखालची खूण दाखवली. १९८८, शाळेतलं शिबिर. धाकटे दीर तेव्हा दोन महिन्यांचे होते. मामंजींनी सकाळी सांगितलं, चल, गाडी आली आहे. कुठे जायचं ते बाकावर निजवल्यावर कळलं. पाचव्या दिवशी टाक्यात पू झाला तरी भात लावणी चुकवली नाही. आम्ही लग्न होऊन सात वर्षं एका घरात राहतो आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या मुलालाही नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "त्याला दुखेल का गं?" मी स्टेथोस्कोप यांनी लिहिलेलं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग एवढंसं आहे होय." आणि उठून गेल्या.

मॅडमकडे पुन्हा गेलो, या वेळी दोघं. सीझरच्या वेळी नळ्या बांधायच्या नाहीत असं कागदावर लिहून दिलं. त्या रागावल्या नाहीत, उलट "आधी विचारायला हवं होतं" म्हणाल्या. बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की हा करून घेणार आहे. लगेच का नाही, तर बाळ सुखरूप आहे हे आधी दोघांना डोळ्यांनी पाहायचं आहे. गुरुजींच्या सालगड्याचं वाचल्यापासून ते मनात आहे. तोपर्यंत निरोध.

मावशींना अजून सांगितलेलं नाही. ते काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं आहे.

---

निवृत्त_गुरुजी
तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

---

जुनी_सिस्टर
रानजाई, छान झालं. माझी बारावी केस म्हणून तुमच्या यजमानांचं नाव वहीत लिहिणार नाही, पण आनंद तेवढाच झाला. करून आल्यावर तीन महिन्यांची तपासणी चुकवू नका. माझ्या अकरांपैकी एकाने चुकवली होती. त्याची मुलगी आता बारावीला आहे, हुशार आहे.